नदीपलीकडचा पत्ता

गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला, पण नेओमा स्टॅम्पर ती चालवायची उजव्या सीटवर बसून. डावा पाय लांब करून ब्रेकवर, डावा हात स्टिअरिंगवर आणि उजवा हात खिडकीबाहेर, रस्त्याकडेच्या टपालपेट्यांसाठी मोकळा. बावीस वर्षं ती अशीच तिरकी बसून तीन घळींमधल्या तीनशे नव्वद पेट्यांत टपाल टाकत आली होती. कंबर त्या बसण्याने कायमची वाकडी झाली होती. तिचा नवरा डेल्मर, खाणीतून फुप्फुसं खराब करून घरी बसलेला, म्हणायचा, "तुझी शवपेटीसुद्धा सुताराकडून वाकडी करून घ्यावी लागणार."

एप्रिलमधल्या एका गुरुवारी टपालात साप्ताहिकाचे गठ्ठे होते. पहिल्याच पानावर राज्याचा नकाशा. एकेका काउंटीत दर लाख माणसांमागे किती जणांना कॅन्सर होतो, त्याप्रमाणे रंग दिलेले. जास्त तिथे गडद, कमी तिथे फिका. त्यांची ब्रॅमर काउंटी जवळजवळ पांढरी होती. नदीपलीकडची टॅलिस काउंटी मात्र कॉफीच्या गाळासारखी काळपट. वर मथळा होता, ‘राज्यात सर्वांत निरोगी ब्रॅमर’, आणि खाली काउंटीच्या प्रमुखाचा, हॉबर्ट क्रेगचा, सगळे दात दाखवणारा फोटो. कोर्टाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण निवडून आलेल्या प्रमुखाला तिकडे जज्जच म्हणायची रीत होती.

पहिल्या दहा-बारा पेट्यांत नेओमाने ते साप्ताहिक न बघताच सरकवलं. सायकामोर घळीच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली आणि नकाशा नीट पाहिला. मग मान वर करून तिने घळीकडे पाहिलं. पहिल्या वळणावरचं घर. त्याच्या पुढचं. लाकडी पुलापलीकडची दोन. चर्चमागचं. टोकाकडची दोन. एकट्या सायकामोर घळीत सात घरं. कोणाच्या पेटीत दर पंधरवड्याला हॉस्पिटलचं जाड पाकीट, कोणाच्या दारात औषधांचा खोका, एका दारात केसांच्या टोपाचं पार्सल तिने स्वतःच्या हाताने ठेवलं होतं. टपालावर बाहेरून जे दिसतं तेही कोणाला सांगायचं नाही, अशी तिने नोकरीला लागताना शपथ घेतली होती आणि बावीस वर्षं ती पाळली होती. डेल्मरलासुद्धा तिने कधी एक नाव सांगितलं नव्हतं.

"छापणाऱ्याची चूक असेल," संध्याकाळी डेल्मर म्हणाला.

"चूक नाही. खाली राज्याच्या कार्यालयाचं नाव आहे, फोन नंबर आहे."

"मग तुझी चूक असेल."

"असेल," नेओमा म्हणाली. पण घेवड्याची वाटी अर्धी ठेवून ती उठली, ओसरीवर गेली, परत आत आली, पुन्हा बाहेर गेली. डेल्मर म्हणाला, "अगं, बस की कुठेतरी! तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच धाप लागली."

पंधरा दिवसांनी तिच्या अंगाची खरी आग झाली. दर वसंतात बायकांच्या छातीत गाठ आहे का ते तपासणारी गाडी चर्चच्या पटांगणात दोन दिवस उभी राहायची. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, यंदा गाडी येणार नाही. ब्रॅमरला गरज नाही, आकडे बघा. गाडी टॅलिसला जाणार. सायकामोर घळीच्या टोकापासून टॅलिसचं मोठं गाव घाटरस्त्याने सव्वा तास. ज्या बायकांना पटांगणात यायलाच ओढून आणावं लागायचं, त्या सव्वा तास कुठल्या जातात!

नेओमाने राज्याच्या कार्यालयाला फोन लावला. एकदा, दोनदा, पाचव्यांदा. प्रत्येक वेळी कोणीतरी तिला दुसऱ्या कोणाकडे जोडून देत होतं. पाचव्या खेपेला कॅन्सरच्या नोंदी ठेवणारी रोशेल बँक्स नावाची बाई फोनवर आली. आवाज शहरी, शब्द मोजून टाकणारा.

"बाई, मी काही शिकलेली नाही," नेओमा म्हणाली, "पण तुमचा नकाशा खोटा आहे."

"असं रोज कोणीतरी सांगतं. सगळ्यांना आपली काउंटी गडद वाटते."

"मी काही वाटण्याचं बोलत नाही. मला एवढंच सांगा, आजारी माणूस कुठल्या काउंटीचा, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

"रोगाचं निदान झालं तेव्हा हॉस्पिटलात जो पत्ता लिहिला, त्यावरून."

"आणि पत्त्यात नुसताच टपालाचा रूट आणि पेटीचा नंबर असला तर? रूट दोन, पेटी एकशे चौदा, असा?"

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग रोशेल हळू म्हणाली, "पेटी नकाशावर सापडत नाही. मग पोस्ट ज्या काउंटीत, त्या काउंटीत आम्ही ते नाव धरतो. तुमचं पोस्ट कुठलं?"

नेओमा खुर्चीतून ताडकन उठली. बारा वर्षांपूर्वी घळीतलं पोस्ट बंद झालं होतं. तेव्हापासून तिन्ही घळींचं टपाल कॉर्बेलच्या पोस्टातून निघत होतं. ती स्वतः रोज सकाळी तिथेच जाऊन पत्रं लावायची. आणि कॉर्बेल होतं पुलापलीकडे, टॅलिस काउंटीत.

"म्हणजे आमची माणसं आजारी पडली," ती म्हणाली, "की तुमच्या कागदावर नदी ओलांडून जातात."

"पेटीऐवजी घराचे नंबर नाहीत का?"

नंबर होते. रुग्णवाहिकेला घर सापडावं म्हणून काउंटीने तीन वर्षांपूर्वी घराघराला निळी पाटी दिली होती. पण पत्ता विचारला की म्हातारेकोतारे पेटीच सांगत. नेओमालाही पेट्याच पाठ होत्या.

"कुठली पेटी म्हणजे कुठलं घर, एवढी यादी मला मिळवून द्या," रोशेल म्हणाली. "माणसांची नावं नकोत. जुन्या सगळ्या नोंदी मी पुन्हा लावून बघते."

यादी रुग्णवाहिकेच्या कार्यालयात होती, आणि ते कार्यालय जज्ज हॉबर्टच्या हाताखाली. हॉबर्ट आणि नेओमा शाळेत एका बाकावर बसलेले. तिने सगळं सांगितल्यावर तो खुर्चीत मागे रेलला.

"नेओमा, आख्ख्या राज्यात एकदा कशात तरी आपलं नाव पहिलं आलं. तेही तुला बघवेना?"

"खोटं आहे ते, हॉबर्ट."

"हमरस्त्यावर मी ‘सर्वांत निरोगी ब्रॅमर’ अशी पाटी लावून बसलोय. निवृत्त लोकांसाठी घरं बांधणारे जागा बघायला येणार आहेत. त्यांना काय सांगू? या, आमच्याकडे मरायला जागा मुबलक आहे?"

"यादी दे."

"देतो की. बघतो."

त्याच्या ‘बघतो’त तीन आठवडे गेले. नेओमाला तोवर धीर धरवेना. रविवारी चर्च सुटलं की ती गाडी काढायची आणि घरोघरी जायची. कोणाला काही विचारायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं. आजारी असो वा धडधाकट, सगळ्यांना एकच सांगायचं, दवाखान्यात पत्ता लिहाल तो निळ्या पाटीचा लिहा, पेटीचा नको. कोणी हसून हो म्हणायचं, कोणी नुसतंच हो म्हणायचं. एका म्हाताऱ्याने तिला ओसरीवरूनच परत लावलं. "तो नंबर रुग्णवाहिकेसाठी आहे. मला रुग्णवाहिका नको. मेलो की ओरडेन, तेव्हा या."

ऑर्फा टॅकेटकडे मात्र घात झाला. ऑर्फा मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सायकामोर घळीच्या अगदी टोकाला एकटी राहणारी. रक्ताची मावशी कोणाचीच नव्हती, पण अर्ध्या काउंटीला तिनेच सुईणपणा करून जगात आणलं होतं. डोक्याला घट्ट रुमाल बांधून ती ओसरीवर सफरचंदं सोलत बसली होती. नेओमाचं बोलणं तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"इतरांकडे दाराशी उभी राहून सांगितलंस म्हणे. माझ्याकडे खुर्ची ओढून बसलीस. का गं?"

नेओमाने खुर्ची जरा मागे सरकवली.

"माझी पाकिटं वाचतेस तू?"

"नाही, मावशी! देवाशप्पथ एकही उघडलं नाही."

"उघडायला कशाला लागतं? वर छापलेलं असतंच की." ऑर्फाने सुरी खाली ठेवली. "माझं दुखणं माझं आहे, पोरी. तुझ्या नकाशात रंग भरायला मी आजारी पडले नाही. जा आता."

नेओमा गाडीत बसली तेव्हा तिचे कान तापले होते. शपथ मोडली नव्हती, आणि तरी मोडल्यासारखीच झाली होती. त्या आठवड्यात तिने दोन घरांचं टपाल एकमेकांच्या पेटीत टाकलं. जेवण जाईना. रात्रभर कूस बदलायची आणि पहाटे डेल्मरच्या आधी उठून केरसुणी हातात घ्यायची. सोडून द्यावं, असं तिने चारदा ठरवलं. पेट्या समोर आल्या की पुन्हा सात घरं डोळ्यांपुढे उभी राहायची.

पुढच्या मंगळवारी सायकामोर घळीच्या टोकाला ऑर्फा मावशी स्वतःच पेटीशी उभी होती. चर्चचा काळा झगा, हातात पर्स.

"सरक. मला कचेरीत घेऊन चल. त्या हॉबर्टकडे."

"मावशी, टपालाच्या फेरीत गाडीत माणूस बसवायला बंदी आहे."

"मग माझ्यावर तिकीट चिकटव, आणि पार्सल म्हणून ने."

"साडेतीनला फेरी संपते. घरी जाऊन मी परत येते."

"ये. मी इथेच उभी आहे."

खरंच ती तिथेच होती. नेओमा परत आली तेव्हा कोणीतरी तिला बसायला उलटी बादली आणून दिली होती, एवढंच.  वाटेत लांबून नदीवरचा पूल दिसला तेव्हा ऑर्फा म्हणाली, "मागच्या आठवड्यात हॉस्पिटलात पोरीने पत्ता विचारला. मी निळ्या पाटीचा सांगितला. तिच्या मशीनमध्ये म्हणे मी टॅलिसची आहे. मी म्हटलं, बाळ, टॅलिसमध्ये मी आयुष्यात एक रात्र काढली नाही. तर म्हणते, मशीन असंच दाखवतं." मग थोड्या वेळाने, "तुझ्यावर राग होताच. अजून आहे."

हॉबर्ट तिला पाहून उभा राहिला. त्याच्याही जन्माला सुईण तीच होती. भिंतीवर साप्ताहिकातला नकाशा मोठा करून, चौकट घालून लावला होता. ऑर्फा सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"यात मी कुठे आहे? दाखव."

"बस ना, मावशी. कॉफी..."

"दाखव म्हटलं ना!"

हॉबर्टने बोट ठेवलं.

"तिथे तर पांढरं आहे." ऑर्फाने डोक्याचा रुमाल सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. टक्कल पडलेलं ते लहानसं डोकं पाहून हॉबर्टने मान खाली घातली. "इथे जन्मले. इथे दोन नवरे पुरले. मत इथे दिलं. तुलाही दिलं, देव क्षमा करो. आणि आजारी पडले ती मात्र नदीपलीकडची? माझं दुखणं दुसऱ्याच्या दारात टाकून तू पाटी लावतोस, हॉबर्ट?"

"मावशी, तो नकाशा मी नाही काढला."

"चौकट तू घातलीस."

यादी पाच वाजून गेल्यावर मिळाली. हॉबर्टने सही करताना मान वर केली नाही.

मग वाट पाहणं आलं. जून गेला, उन्हाळा गेला, मका कापून झाला. नेओमा आठवड्यातून एकदा रोशेलला फोन करायची. रोशेल आधी वैतागायची, नंतर नंतर आवाज ओळखून म्हणायची, "अजून नाही, नेओमा. एकशे दहा नोंदी झाल्या, साठ राहिल्या. जेवलात का?"

नोव्हेंबरात दुरुस्त नकाशा आला. ब्रॅमर गडद झाली होती, पूर्वेकडच्या रांगेत सर्वांत गडद. टॅलिस उजळून फिकी झाली होती. हमरस्त्यावरची पाटी दोन माणसांनी शिडी लावून उतरवली. घरं बांधणारे आले नाहीत. ते तसेही आले असते की नाही कोणास ठाऊक. किराणा दुकानात नेओमा शिरली की बोलणं थांबायचं. एकजण तोंडावरच म्हणाला, "पगार पलीकडून घेतेस, आणि काळं मात्र आमच्या तोंडाला फासलंस." तिने मक्याचं पीठ घेतलं आणि निघाली. बाहेर गाडीत बसून तिने पिशवी शेजारी ठेवली आणि किल्ली फिरवली.

पण तपासणीची गाडी येणार होती. वसंतात दोन दिवस, पूर्वीसारखी. तिला वाटलं, आता आपल्याला शांत झोप लागेल.

डिसेंबरात एका सकाळी कॉर्बेलच्या पोस्टात पत्रं लावताना पोस्टमास्तरीण विल्मा ग्रोस तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. विल्मा टॅलिसची. दोघींनी बारा वर्षं एकाच टेबलावर पत्रं लावली होती.

"आमची गाडी बंद झाली, नेओमा," विल्मा म्हणाली. "आकडा उतरला ना आमचा."

नेओमाने हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"याच वर्षी माझ्या बहिणीची गाठ त्या गाडीतच सापडली. वाटाण्याएवढी. काढली, बरी आहे ती." विल्माने पाकिटांचा ट्रे उचलला. "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही हं. नुसतं सांगितलं."

त्या दुपारी नेओमाने रोशेलला फोन केला तो भांडायलाच.

"आकडा आता बरोबर आहे," रोशेल म्हणाली. "गाडी कुठे पाठवायची ते दुसरी माणसं ठरवतात."

"तुमचा आकडा बघूनच ठरवतात ना!"

"हो." रोशेलने श्वास घेतला. "आणि खरं सांगू? दोन्ही काउंट्यांत माणसं इतकी थोडी आहेत, की पाच-सहा जण इकडचे तिकडे झाले तरी रंग बदलतो. पुढच्या वर्षी पुन्हा बदलेल. म्हणून आम्ही पाच-पाच वर्षं एकत्र धरतो, तरी हलतोच."

"पण आमच्या घळीत एवढी माणसं का? पाण्यामुळे? खाणीमुळे?"

"तंबाखू असू शकतो. उशिरा तपासणी, म्हातारी वस्ती, विहिरी. योगायोगही असतो. मला माहीत नाही, नेओमा. माहीत असल्यासारखं मी बोलणार नाही."

नेओमाने विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवलं. निर्दोष निघालं. तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या विहिरीचं पाठवलं, तेही तसंच. डेल्मर म्हणाला, "पाणी चांगलं निघालं म्हणून तोंड पाडणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय."

फेब्रुवारीत ऑर्फा मावशी गेली. दफनाला रस्ता माणसांनी फुलला होता. हॉबर्टने खांदा दिला.

मार्चमध्ये तपासणीच्या गाडीच्या तारखा ठरवायला चर्चमध्ये बैठक झाली. नेओमा लोकांसमोर कधी बोललेली नव्हती. ती उभी राहिली आणि म्हणाली, दोनपैकी एक दिवस आपण कॉर्बेलला देऊ या. गाडी पोस्टाच्या आवारात उभी राहील. पुलाजवळच आहे, आपल्या खालच्या घळीतल्या बायकांना उलट जवळच पडेल, आणि पलीकडच्याही येतील.

एकच गलका झाला. "मिळाली नाही तोच वाटायला निघालीस?" "त्यांची पांढरी झालीय, आपली काळी!" "वर्षभर आपल्याला गाडी नव्हती, तेव्हा आली होती का त्यांच्यातली कोणी विचारायला?"

"नाही आली," नेओमा म्हणाली. "त्यांना माहीतच नव्हतं की त्यांच्या नावावर आपण आहोत." पुढे तिला शब्द सापडेनात. रंग पुढच्या वर्षी पुन्हा बदलेल, मग काय करणार, दर वर्षी पुलावर गाडी ओढत बसणार का, असं काहीतरी ती अडखळत बोलली आणि खाली बसली.

हात वर झाले. मोजणी दोनदा करावी लागली. अठ्ठावीस विरुद्ध पंचवीस. हॉबर्ट मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने हात शेवटी वर केला, पण केला. तपासणीवाल्यांनी आधी नियम दाखवला, की एका काउंटीचा दिवस दुसरीत लावता येत नाही. रोशेलने त्यांना एक पत्र लिहिलं आणि हॉबर्टने तीन फोन केले, तेव्हा कुठे ते कबूल झाले. तेही एकाच वर्षापुरते.

मेमध्ये कॉर्बेलच्या पोस्टासमोर एकोणीस बायका रांगेत होत्या. अकरा अलीकडच्या, आठ पलीकडच्या. विल्मा दर दहा मिनिटांनी खिडकी बंद करून बाहेर डोकावत होती. गाडीतली मुलगी दारात कागद घेऊन उभी होती आणि प्रत्येकीला नाव, वय, काउंटी विचारत होती. नेओमाचा नंबर आला.

"पत्ता?"

नेओमाने निळ्या पाटीचा सांगितला. मुलीने तो लिहून घेतला आणि विचारलं, "रूट, पेटी वगैरे काही?"

"नाही. आणि पुढच्या कोणालाही ते विचारू नकोस."

एकोणिसांपैकी दोघींना पुन्हा बोलावलं. एकीची गाठ साधी निघाली. दुसरीवर जुलैत शस्त्रक्रिया झाली. ती टॅलिसची होती, आणि ती वाचली.

पुढच्या वर्षीचा नकाशा आला तेव्हा ब्रॅमरचा रंग एक पायरी उतरला होता. का उतरला, ते कोणालाच सांगता आलं नाही. नेओमाने विचारलं तेव्हा रोशेल म्हणाली, "चांगली बातमी असेल. पण मला पाच वर्षं द्या."

"पाच वर्षांनी मी निवृत्त असेन," नेओमा म्हणाली.

"तरी तुम्ही फोन करालच."

"करीन की," ती म्हणाली. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, तिथून ओसरीवर, आणि पुन्हा आत.